ब्राउझरमध्ये पान कसे सरकावे, हे कोणी ठरवायचे?

मुद्रितशोधक (धागालेखक)

पडद्यावर दीर्घ मजकूर वाचणाऱ्या माणसासाठी माऊसचे चाक फिरवल्यावर पान नेमके कसे सरकते, हा प्रश्न मुळीच किरकोळ नाही. मी मुद्रितशोधनाचे काम करतो आणि त्यातले बहुतेक काम आता ब्राउझरमध्येच चालते. लेखक मजकूर ऑनलाइन पाठवतात, दिवाळी अंकांची पाने संपादक संकेतस्थळावर चढवून ठेवतात आणि तपासणी तिथल्या तिथेच होते. या कामात डोळा एका ओळीवर खिळलेला असतो. चाकाचा एक खटका दिला की ती ओळ किती वर जाणार हे हाताला सवयीने ठाऊक असते, आणि पान एका दमात सरकले तर डोळा त्या नव्या जागी लगेच पोहोचतो. पान घरंगळत गेले आणि हळूहळू वेग कमी करत थांबले, तर ते स्थिरावेपर्यंत ओळीचा माग काढत बसावे लागते. देवनागरीत तर अनुस्वार, रफार आणि उकार ही शिरोरेघेच्या वरची आणि अक्षरांच्या पायाशी असलेली बारीक चिन्हे सरकत्या पानावर पुसट होतात. ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला फरक त्या क्षणी दिसतच नाही.

या घरंगळण्यालाच स्मूथ स्क्रोलिंग म्हणतात. फायरफॉक्समध्ये ते जून २०१२ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून आणि क्रोममध्ये मार्च २०१६ मध्ये आलेल्या ४९व्या आवृत्तीपासून मुळातच चालू असते. फायरफॉक्सने ते बंद करण्याची चौकट नेहमीच्या सेटिंगच्या पानावर ठेवली आहे. क्रोमने मात्र तो पर्याय प्रयोगांच्या, म्हणजे फ्लॅग्जच्या पानावर ठेवला आहे, जिथले पर्याय पुढच्या आवृत्तीतही असतील याची हमी कोणी देत नाही. सर्वसामान्य वाचक त्या पानापर्यंत पोहोचतही नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला व्यवहाराचा आहे: ज्यांना स्थिर पान हवे आहे त्यांनी कोणकोणत्या ठिकाणी काय बदलावे? दुसरा तत्त्वाचा आहे. पान सरकवणारा हात वाचकाचा आहे आणि त्या हालचालीचा त्रास किंवा सुखही त्याचेच आहे, तर मग वेग, दिशा आणि थांबण्याची रीत ठरवण्याचा शेवटचा शब्द ब्राउझर बनवणाऱ्यांचा किंवा संकेतस्थळाच्या मालकाचा का असावा? माझ्या मते तो वाचकाचा असावा आणि त्यासाठीची सोय पहिल्याच पानावर, साध्या शब्दांत असावी. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खटपट्या

धागा काढल्याबद्दल आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ही हालचाल किती हातांतून जाते ते सांगतो, कारण सेटिंग एका ठिकाणी बदलून उपयोग होत नाही असे जे पुष्कळांना वाटते, त्याचे कारण तिथेच आहे.

विंडोजवर साध्या माऊसच्या चाकाचा एक खटका १२० या आकड्याने नोंदवला जातो. हा आकडा मुद्दाम मोठा ठेवला आहे, म्हणजे अधिक बारीक हालचाल नोंदवणारी चाके आली तर ती १२०चे लहान लहान भाग पाठवू शकतील. त्यानंतर विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये एका खटक्याला किती ओळी सरकाव्यात हे ठरते; तिथे मुळात ३ असतात. पण ‘ओळ’ म्हणजे किती उंची, हे ब्राउझर आपापल्या पद्धतीने ठरवतो. क्रोम तीन ओळींचे सरळ १०० पिक्सेल धरतो, मग पानावरची अक्षरे बारीक असोत वा मोठी. फायरफॉक्स सरकणाऱ्या मजकुराच्या फॉन्टवरून ओळीची उंची काढतो, त्यामुळे त्याच चाकाच्या त्याच खटक्याला एका संकेतस्थळावर पान थोडे आणि दुसऱ्यावर जास्त सरकते. धागालेखकांनी हाताच्या सवयीबद्दल लिहिले आहे. ती सवय ब्राउझर बदलल्यावर का मोडते, याचे कारण बहुधा हेच आहे.

फायरफॉक्समध्ये यावर सर्वांत जास्त ताबा मिळतो. पत्त्याच्या जागी अबाउट:कॉन्फिग लिहून आत गेल्यावर ‘माउसव्हील.डिफॉल्ट.डेल्टा_मल्टिप्लायर_वाय’ नावाची नोंद सापडते. तिची मूळ किंमत १०० आहे आणि ती शेकडेवारीसारखी चालते, म्हणजे २०० केली की एका खटक्याला दुप्पट अंतर कापले जाते. ‘जनरल.स्मूथस्क्रोल’ ही मुख्य नोंद तर आहेच, पण तिच्याखाली चाकासाठी, बाणांच्या कळांसाठी, पानभर सरकवणाऱ्या कळांसाठी आणि स्क्रोलबारसाठी वेगवेगळ्या नोंदी आहेत. त्यामुळे चाकाने पान झटक्यात सरकावे आणि पेज डाउनने मात्र सावकाश सरकावे, अशी मांडणी करता येते. ही बारीक विभागणी ज्यांनी विचारपूर्वक केली आणि इतकी वर्षे टिकवली, त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

क्रोमसाठी फ्लॅग्जच्या पानावर ‘स्मूथ स्क्रोलिंग’ शोधून ‘डिसेबल्ड’ करावे आणि ब्राउझर पुन्हा चालू करावा. दुसरी वाट अधिक भरवशाची आहे. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ या पानावर ‘ॲनिमेशन इफेक्ट्स’ बंद केले, तर क्रोम ती इच्छा मानतो आणि चाकाचे घरंगळणेही थांबवतो. त्याची किंमत अशी की खिडक्या उघडण्या-मिटण्याची सगळीच ॲनिमेशन्स बंद होतात. मला स्वतःला त्याचे सुखच वाटते.

एक इशारा मात्र देतो. स्क्रोलचा वेग बदलणारी एक्स्टेंशन्स शक्यतो टाळावीत. पान सरकवण्याचे काम ब्राउझर एरवी पानावरच्या स्क्रिप्टपासून (म्हणजे पानात चालणाऱ्या कोडपासून) वेगळ्या धाग्यावर, म्हणजे कामाच्या वेगळ्या रांगेत करतो, म्हणूनच पान जड असले तरी ते सरकत राहते. एक्स्टेंशन चाकाची प्रत्येक हालचाल अडवून स्वतः पान हलवते, म्हणजे ते काम पुन्हा त्या गजबजलेल्या मुख्य धाग्यावर येते आणि पान अडखळू लागते. शिवाय ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांवर एक्स्टेंशन चालतच नाही, त्यामुळे हाताला दोन प्रकारच्या सवयी लावून घ्याव्या लागतात.

पाऊलवाट

धागालेखकांच्या मूळ भूमिकेशी सहमत आहे, पण स्मूथ स्क्रोलिंगबद्दलचा माझा अनुभव नेमका उलटा आहे. मी कादंबऱ्या आणि दीर्घ लेख वाचते, मुद्रिते तपासत नाही. पान झटक्यात उडी मारून पुढे गेले की मला आपण कुठे होतो ते पुन्हा शोधावे लागते. पान डोळ्यांसमोर सरकत गेले, तर वाचत असलेली ओळ कुठून कुठे गेली हे दिसत राहते आणि वाचनाची लय तुटत नाही. त्यामुळे ‘स्मूथ स्क्रोलिंग वाईट’ असा या धाग्याचा सूर होऊ नये, असे मला वाटते. दोन वाचकांची गरज परस्परविरुद्ध असू शकते आणि दोघेही बरोबर असू शकतात. म्हणूनच तर निवड हाताशी हवी.

सांजवात

वरच्या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही, ती आग्रहाने मांडते. माझ्यासारख्या काही लोकांसाठी हा आवडीनिवडीचा प्रश्न नसून प्रकृतीचा आहे. मला आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा विकार आहे. डोळे ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतात आणि आतला कान ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगतो, तेव्हा त्या विसंगतीतून मळमळ, घेरी आणि डोकेदुखी सुरू होते. पान सरळ वर सरकले तर सहसा काही होत नाही. त्रास होतो तो मजकूर एका वेगाने आणि त्यामागचे चित्र दुसऱ्या वेगाने सरकते तेव्हा, किंवा चाक फिरवले की पान वर जाण्याऐवजी चित्र मोठे होत अंगावर येते तेव्हा. एका वृत्तसंकेतस्थळावरचा अशा पद्धतीने सजवलेला दीर्घ लेख मला अर्ध्यावर सोडून आडवे पडावे लागले होते. लेखाचा विषय मला अतिशय जवळचा होता, म्हणून त्याचे अधिक वाईट वाटले.

सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनची आयओएस ७ ही प्रणाली आली, तेव्हा तिच्यातल्या झूम होणाऱ्या पडद्यांमुळे अनेकांना असाच त्रास झाला आणि हा विषय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बोलला गेला. त्याच वर्षी ॲपलने ‘रिड्यूस मोशन’ या पर्यायाची व्याप्ती वाढवली. वेबवर ही सोय पोहोचायला पुढे काही वर्षे लागली. वापरणाऱ्याला कमी हालचाल हवी आहे, हे संकेतस्थळाला कळवणारी ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही खूण सफारीत २०१७ मध्ये, फायरफॉक्समध्ये २०१८ मध्ये आणि क्रोममध्ये २०१९ मध्ये आली. वर खटपट्या यांनी विंडोजमधली जी ॲनिमेशनची कळ सांगितली आहे, ती बंद केली की हीच खूण ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला देतो.

पण ब्राउझर फक्त कळवतो. मानायचे की नाही हे संकेतस्थळ बनवणारा ठरवतो. माझी खरी तक्रार इथे आहे. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, यांच्या २०१८च्या २.१ आवृत्तीत स्क्रोलसारख्या कृतीमुळे सुरू होणारी अनावश्यक हालचाल बंद करता आली पाहिजे, असा निकष आहे. मात्र तो ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवला आहे. भारतातील शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे त्याखालच्या डबल-ए पातळीपर्यंतच पालन मागतात, त्यामुळे हा निकष बंधनकारक यादीच्या बाहेर राहतो. अंध आणि अल्पदृष्टी वाचकांसाठी जी जागरूकता हळूहळू का होईना आली आहे, ती तोल जाणाऱ्या वाचकांच्या वाट्याला अजून आलेली नाही.

वेबकर

मी संकेतस्थळे बनवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिणे माझे कर्तव्य आहे. सांजवात ताईंनी लिहिलेले सगळे खरे आहे आणि ते टाळण्यासाठी लागणारे कष्ट फारच थोडे आहेत, हे मी जबाबदारीने सांगतो. पानातल्या पानात दुवा दाबल्यावर हळूहळू सरकत जाण्यासाठी सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘स्क्रोल-बिहेवियर: स्मूथ’ अशी एक ओळ लिहावी लागते. ती ओळ तशीच न लिहिता ‘वापरणाऱ्याने कमी हालचाल मागितलेली नसेल तर’ या अटीच्या आत लिहायची, इतकेच. हे प्रत्येकाने करायला हवे.

खरी अडचण वेगळ्या जागी आहे. अनेक ग्राहकांना ‘महागडे’ वाटणारे संकेतस्थळ हवे असते आणि त्यांच्या मनात त्याची खूण म्हणजे जडशीळ, लोण्यासारखे सरकणारे पान. त्यासाठी लेनिससारख्या लायब्ररी, म्हणजे कोडचे तयार संच, वापरल्या जातात. त्या चाकाची हालचाल अडवतात, ब्राउझरचे स्वतःचे सरकवणे थांबवतात आणि आपल्या गणिताने पान हलवतात. याच्या जुन्या एका पद्धतीत तर पान प्रत्यक्षात सरकतच नसे. सगळा मजकूर एका मोठ्या चौकटीत घालून ती चौकटच वर ढकलली जाई. ब्राउझरच्या लेखी वाचक कायम पानाच्या माथ्यावरच उभा असे, त्यामुळे स्पेसची कळ, पानात शब्द शोधणे, मागे आल्यावर जुनी जागा सापडणे, यातले काहीच धड चालत नसे. वाचकाने फायरफॉक्समध्ये किंवा विंडोजमध्ये किती काळजीपूर्वक सेटिंग केले असले, तरी अशा पानावर ते व्यर्थ जाते.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी याला काही प्रमाणात आळा घातला आहे, हेही नोंदवायला हवे. पूर्वी पानावरच्या स्क्रिप्टने चाकाकडे किंवा बोटाच्या स्पर्शाकडे लक्ष ठेवले असेल, तर ती सरकणे अडवणार आहे की नाही हे कळेपर्यंत ब्राउझरला थांबावे लागे आणि पान अडखळे. २०१६ मध्ये क्रोमच्या ५१व्या आवृत्तीत स्क्रिप्टला ‘मी फक्त पाहणार आहे, अडवणार नाही’ असे आधीच जाहीर करण्याची सोय आली. पुढे ५६व्या आवृत्तीपासून संपूर्ण पानावर ठेवलेल्या स्पर्शाच्या पहाऱ्यासाठी आणि २०१९च्या ७३व्या आवृत्तीपासून चाकाच्या पहाऱ्यासाठी हेच गृहीत धरले जाऊ लागले. त्या वेळी काही जुनी संकेतस्थळे मोडली आणि आमच्या व्यवसायात पुष्कळ नाराजी झाली, पण माझ्या मते तो निर्णय वाचकाच्या बाजूचा होता आणि योग्य होता. अडवायचेच असेल तर आता स्पष्टपणे तसे लिहावे लागते, म्हणजे निदान ते नकळत घडत नाही.

मुद्रितशोधक (धागालेखक)

सर्वांच्या सविस्तर प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. पाऊलवाट यांचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. धाग्याचा सूर निवडीच्या बाजूनेच राहावा. सांजवात ताई, तुम्ही मांडलेली बाजू माझ्या प्रश्नापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

खटपट्या यांना आणखी एक विचारायचे आहे. मी चाकाऐवजी स्पेसची कळ वापरून पाहतो आहे, कारण ती दाबली की जवळजवळ एक पडदाभर मजकूर पुढे जातो आणि शिफ्टसह दाबली की तितकाच मागे येतो. परंतु काही संकेतस्थळांवर प्रत्येक वेळी एखादी ओळ वाचायची राहून जाते. वाक्याचा सांधा जुळत नाही म्हणून थोडे मागे यावे, तर मधली ओळ सापडते. मुद्रितशोधनात एक ओळ गळणे म्हणजे काम वाया जाणे. हे कशामुळे होते?

खटपट्या

याचे उत्तर पडद्याच्या माथ्यावर चिकटून बसलेल्या पट्टीत आहे.

स्पेस किंवा पेज डाउन दाबल्यावर ब्राउझर मुद्दाम पूर्ण पडदाभर सरकत नाही. आधीच्या पडद्यावरचा शेवटचा थोडा मजकूर नव्या पडद्याच्या वरच्या भागात पुन्हा दिसावा, म्हणजे वाचकाला सांधा सापडावा, अशी योजना असते. विंडोजवरचा क्रोम दिसणाऱ्या उंचीच्या ८७.५ टक्के इतकेच सरकतो. समजा खिडकीत मजकुराची उंची ८०० पिक्सेल आहे, तर पान ७०० पिक्सेल सरकेल आणि १०० पिक्सेलचा मजकूर दोन्ही वेळा दिसेल. आता संकेतस्थळाने माथ्यावर नाव, मेनू आणि शोधाची चौकट असलेली, जागची न हलणारी १३० पिक्सेलची पट्टी ठेवली असेल, तर तो पुन्हा दिसायला हवा असलेला १०० पिक्सेलचा मजकूर पूर्णपणे तिच्याखाली जातो आणि वर ३० पिक्सेलचा न वाचलेला मजकूरही झाकला जातो. ती ३० पिक्सेलची ओळ म्हणजे तुमची गळलेली ओळ.

फायरफॉक्स इथे अधिक काळजी घेतो. जागची न हलणारी पट्टी ओळखून तिची उंची तो पडद्याच्या उंचीतून वजा करतो आणि मग किती सरकायचे ते ठरवतो. पुन्हा दिसणाऱ्या मजकुराचे प्रमाणही अबाउट:कॉन्फिगमधून बदलता येते, ‘टूलकिट.स्क्रोलबॉक्स.पेजस्क्रोल’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन नोंदी आहेत, एक टक्केवारीची आणि एक ओळींची. मुळात तिथे १० टक्के आणि २ ओळी असतात, आणि त्यांपैकी जे कमी भरेल ते लागू होते. तुमच्या कामासाठी ओळींचा आकडा ४ केला तर सांधा अधिक ठळक होईल, मात्र छोट्या खिडकीत १० टक्क्यांची मर्यादा आड येऊ शकते, म्हणून टक्केवारीही वाढवावी.

यातली मोठी जबाबदारी मात्र संकेतस्थळ बनवणाऱ्यांचीच आहे. वेबकर, याबद्दल तुम्हीच लिहिलेत तर बरे.

वेबकर

लिहितो. पट्टी चिकटवून ठेवायचीच असेल तर सीएसएसमध्ये ‘स्क्रोल-पॅडिंग-टॉप’ हा गुणधर्म तिच्या उंचीइतका द्यावा. त्यामुळे वरचा इतका भाग झाकलेला आहे हे ब्राउझरला कळते आणि पानातला दुवा दाबल्यावर मथळा पट्टीच्या मागे लपत नाही. पण मुळात वाचनाच्या पानावर अशी पट्टी कायम राहूच नये, असे माझे ठाम मत झाले आहे. लॅपटॉपच्या पडद्याला उंची कमी असते, आणि त्यातली एवढी जागा जाहिरातवजा मेनूला देणे हा वाचकावर अन्याय आहे.

सागरगोटी

मॅक वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडते. जुलै २०११ मध्ये आलेल्या लायन या आवृत्तीपासून मॅकवर बोटे ज्या दिशेने जातील त्याच दिशेने पान जाते आणि स्क्रोलबार एरवी लपलेला असतो. ट्रॅकपॅडवर ही दिशा नैसर्गिक वाटते, पण सोबत चाकाचा माऊस जोडला की तीच दिशा त्यालाही लागू होते आणि दोन्हींसाठी वेगवेगळी दिशा ठेवण्याची सोय प्रणालीत नाही. त्यासाठी ‘स्क्रोल रिव्हर्सर’सारखे छोटे ॲप बसवावे लागते. लपणारा स्क्रोलबार मात्र सेटिंगमध्ये ‘अपीअरन्स’ या विभागात जाऊन कायमचा दिसता ठेवता येतो, आणि तो ठेवावाच. लेख किती लांब आहे आणि आपण त्यात कुठवर आलो आहोत, हे एका नजरेत सांगणारी दुसरी कोणतीही खूण पानावर नसते. फायरफॉक्सनेही मे २०२२ च्या १००व्या आवृत्तीत विंडोज ११ आणि लिनक्सवर स्क्रोलबार लपता केला, पण त्याच वेळी लिनक्सवर ‘ऑलवेज शो स्क्रोलबार्स’ ही चौकट सेटिंगमध्ये दिली आणि विंडोज ११ वर प्रणालीतली त्याच नावाची निवड मानली. बदल करायचा असेल तर तो असा करावा, असे मला वाटते.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सबद्दल थोडक्यात. विंडोजवर मधले बटण दाबून माऊस किंचित खाली ओढला की पान आपोआप सरकत राहते. लिनक्सवर मधल्या बटणाने निवडलेला मजकूर चिकटवण्याची जुनी परंपरा आहे, म्हणून फायरफॉक्समध्ये हे स्वयंचलित सरकणे मुळात बंद असते. सेटिंगमध्ये ‘यूज ऑटोस्क्रोलिंग’ या चौकटीवर खूण केली की ते चालू होते. ज्यांची बोटे किंवा मनगट चाक फिरवून दुखते, त्यांनी हे अवश्य वापरून पाहावे.

पाऊलवाट

चर्चा वाचून एक जुनी शंका पुन्हा वर आली. मराठी संकेतस्थळांवर लेख उघडून वाचायला सुरुवात करावी, तोच मजकूर खाली किंवा वर ढकलला जातो आणि ओळ हरवते. इंग्रजी संकेतस्थळांवर हे इतके जाणवत नाही. शिवाय दीर्घ चर्चेतला दुवा उघडून मागे आले, की काही ठिकाणी थेट चर्चेच्या माथ्यावर जाऊन पडायला होते. हेही ब्राउझरच्या सेटिंगने सुटते का?

वेबकर

पहिल्या गोष्टीचे एक कारण फॉन्टमध्ये आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते आणि ती उतरायला वेळ लागतो. तोवर ब्राउझर मजकूर संगणकातल्या फॉन्टमध्ये दाखवतो आणि फाइल आली की तो बदलतो. दोन फॉन्टांची रुंदी आणि उंची वेगळी असल्यामुळे परिच्छेदांच्या ओळी कमी-जास्त होतात आणि सगळे पान हलते. जाहिराती उशिरा येऊन बसतात तेव्हाही हेच घडते. वाचत असलेल्या ओळीच्या वर काही बदलले तर ती ओळ जागेवर धरून ठेवण्याची सोय क्रोममध्ये २०१७च्या ५६व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्समध्ये २०१९च्या ६६व्या आवृत्तीपासून आहे. सफारीत ती बरीच वर्षे नव्हती. पण आपण पानाच्या अगदी माथ्यावर असू तर ही सोय लागू होत नाही, आणि लेख नुकताच उघडलेला असतो तेव्हा आपण तिथेच असतो. वाचकाला हवे असेल तर फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये ‘पानांना स्वतःचे फॉन्ट निवडू द्या’ ही परवानगी काढून घ्यावी. मग फॉन्टमुळे होणारी हलवाहलव पूर्ण थांबते, मात्र चिन्हांचे फॉन्ट वापरणाऱ्या संकेतस्थळांवर काही बटणांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात.

दुसरी गोष्ट अशी. सोडलेले पान जसेच्या तसे जपून ठेवून मागे आल्यावर ते तत्काळ दाखवण्याची सोय फायरफॉक्समध्ये २००५ च्या १.५ आवृत्तीपासून आहे आणि संगणकावरच्या क्रोममध्ये २०२१च्या ९६व्या आवृत्तीत आली. संकेतस्थळाने ‘हे पान साठवू नका’ असे सांगितलेले असेल, तर बऱ्याचदा ही सोय लागू होत नाही. मग पान नव्याने आणावे लागते, आणि त्यातला मजकूर खाली जाऊ तसतसा उतरणारा असेल तर जुन्या जागी पोहोचण्याइतकी त्याची लांबीच नसते. वाचकाच्या हातात यावर एकच खात्रीचा उपाय आहे: दुवा मधल्या बटणाने किंवा कंट्रोल दाबून नव्या टॅबमध्ये उघडावा, म्हणजे मूळ पान जागचे हलत नाही.

मुद्रितशोधक (धागालेखक)

फॉन्टची परवानगी काढून पाहिली आणि पान खरोखर जागेवर राहिले. सध्याची माझी मांडणी अशी आहे: फायरफॉक्समध्ये चाकाचे स्मूथ स्क्रोलिंग बंद, स्क्रोलबार कायम दिसता, पानभर सरकताना पुन्हा दिसणाऱ्या ओळी चार आणि टक्केवारी वीस. फक्त एक विचारायचे राहिले. पानभर सरकवण्यासाठी जी वेगळी स्मूथ स्क्रोलिंगची नोंद आहे, ती स्पेसच्या कळीलाही लागू होते की केवळ पेज अप आणि पेज डाउन यांनाच?

खटपट्या

स्पेसलाही लागू होते. ‘जनरल.स्मूथस्क्रोल.पेजेस’ ही ती नोंद. तिच्यावर दोनदा क्लिक करून ‘फॉल्स’ केली की स्पेस, शिफ्ट-स्पेस, पेज अप आणि पेज डाउन या सगळ्यांना पान झटक्यात सरकेल. बाणांच्या कळांसाठी ‘जनरल.स्मूथस्क्रोल.लाइन्स’ वेगळी आहे, आणि होम व एंड या कळा ‘अदर’ या नोंदीखाली येतात. ब्राउझर पुन्हा चालू करावा लागत नाही, उघड्या टॅबमध्येच फरक दिसतो.